25 मिलिमीटरच्या जिगसॉ मॅट : सॉफ्टवेअरची नोकरी सांभाळून कराटे शिकवणाऱ्यांसाठी

रत्नागिरी-चिपळूणकडे घरून सॉफ्टवेअरचं काम आणि संध्याकाळी कराटेची बॅच, असं करणारे मॅट घेताना जाडी आणि भाव बघतात. आधी घड्याळ बघा. क्लायंट अमेरिकेतला असेल, तर न्यूयॉर्कची सकाळी 10:30 ची मीटिंग आपल्याकडे रात्री 8 ला पडते. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की मार्चपर्यंत तीच 9 ला. म्हणजे बॅच 6 ते 7:15 आणि भाड्याचा हॉल 7:30 ला रिकामा. मॅट पसरायला पाव तास, उचलायला पाव तास. ज्या मॅट एवढ्यात आवरत नाहीत त्या कितीही चांगल्या असल्या तरी कामाच्या नाहीत.

1 मीटर बाय 1 मीटरच्या, दात जुळवायच्या ईव्हीए फोमच्या (रबरासारख्या लवचिक प्लास्टिकच्या) मॅट या कसोटीला उतरतात. 18-20 मुलांना 6 बाय 8 मीटर, म्हणजे 48 मॅट पुरतात. (स्पर्धेचं मैदान 8 बाय 8 आणि भोवती 1 मीटरची मोकळी पट्टी, म्हणजे 100 मॅट; रोजच्या क्लासला ती हौस नको.) 25 मिमीच्या 48 मॅटची चळत 1.2 मीटर उंच होते, 40 मिमीची 1.92. फेका आणि पडण्याचा सराव, म्हणजे उकेमी, रोज असेल तर 40 मिमीला पर्याय नाही. पण काता (ठरलेल्या हालचालींचा क्रम) आणि कुमितेला (जोडीदाराशी लढतीला) ती फार मऊ पडते: मावाशी गेरी, म्हणजे बाजूने गोल फिरवून मारायची लाथ, मारताना टेकलेला पाय फोममध्ये रुततो, पाऊल वळत नाही आणि पीळ गुडघ्यावर येतो.

पसरताना एका कोपऱ्यातून सुरुवात करून ओळीने या. दोघांनी दोन टोकांकडून सुरुवात केली की मधली ओळ बसत नाही, आणि तिथेच पायाचं बोट अडकतं. उचलताना कोपरा धरून ओढू नका, दात फाटतात. खाली तळवा घालून उचला. मॅट शेजारणीच्या दातांशी सरावते, म्हणून मागच्या बाजूला मार्करने अ1, अ2, ब1 असे क्रमांक घाला. पहिल्याच दिवशी. ‘नंतर करू’चं काय होतं ते कोड लिहिणाऱ्याला सांगायला नको.

खरेदीत तीन गोष्टी तपासा. ‘1 मीटर’ हे माप दात धरून आहे की सोडून? दात धरून असेल तर 8 मॅटची ओळ 8 मीटर भरत नाही. दुसरं, वजन. घनमीटरला 100 किलो घनतेचा फोम असेल तर 25 मिमीची मॅट अडीच किलोच्या आसपास भरते; दीड किलोची निघाली तर फोम पोकळ आहे, टाचेचे खड्डे लवकर पडतील. तिसरं, चारपाच मॅट जास्तीच्या आणि त्याच लॉटमधून घ्या. लॉट बदलला की साच्यातल्या किंचित फरकानेही दात बसत नाहीत.

या मॅटची खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. कोब्याला किंवा फरशीला घाम सुटतो, ओल मॅटखाली कोंडते, दोन दिवसांत बुरशीचा वास येतो. म्हणून पावसाळ्यात मॅट कायमच्या अंथरून ठेवू नका. आंब्याचे प्लास्टिकचे क्रेट जूनमध्ये रिकामेच पडलेले असतात. ते उलटे मांडून त्यांवर चळत रचा, भिंतीपासून वीतभर दूर. लाकडी फळ्या नकोत, वाळवी लागते. चिपळुणात वाशिष्ठीच्या काठी हॉल असेल तर मॅट माळ्यावरच. 2021 च्या जुलैतल्या महापुरानंतर हे वेगळं सांगायची गरज नाही.

नायटा मॅटवरून पसरतो, त्यामुळे पुसणं टाळता येत नाही. आधी साबणाच्या पाण्याने मळ काढा. मग लिटरभर पाण्यात 5 टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट (ब्लीच) 20 मिली, 10 मिनिटं ओलं राहू द्या, नंतर स्वच्छ पाण्याने पुसा. द्रावण रोज ताजं करा, शिळ्यात जोर राहत नाही. वाळवायला पंखा लावा. उन्हात टाकलेली मॅट आक्रसते, कडा वर वळतात, आणि पुन्हा शेजारणीत बसत नाही.