फ्लँडर्स की इटली? जुनी गावं, गढ्या आणि आपल्या शिपायांच्या खुणा

सुट्टी आठ-नऊ दिवसांची, जुनी गावं आणि किल्ले बघायचे आहेत, आणि एवढ्या लांब जातोच आहोत तर महायुद्धांत आपले शिपाई जिथे पडले तिथेही जाऊन यायचं आहे, असं म्हणणाऱ्यांना मी दोन मार्ग सुचवते. एक बेल्जियममधला फ्लँडर्स: गेंट, ब्रूज, ईपर. दुसरा इटली: रोमहून कॅसिनो (जुगाराचा अड्डा नव्हे, गावाचं नाव), मग वर उंब्रियात पेरुजा, असिसी, मोंटोने. मी दोन्हीकडे गेले आहे. दोन्ही एकाच सहलीत कोंबू नका, हे आधीच सांगते.

सोयीचा विचार केला तर फ्लँडर्स कितीतरी सोपं. ब्रुसेल्सहून गेंट रेल्वेने साधारण अर्ध्या तासावर, तिथून ब्रूज जवळपास तेवढंच. गेंटला मुक्काम ठेवला की बॅगा एकदाच उघडायच्या. जमीन सपाट, त्यामुळे आईबाबा बरोबर असतील तर मी डोळे झाकून हेच सांगेन. इटलीत मात्र कॅसिनो रोमच्या दक्षिणेला आणि उंब्रिया उत्तरेला, म्हणजे दोन टोकं. मोंटोनेला जायला गाडी हवीच. स्वतः चालवणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवाना इथूनच काढून न्या, आणि जुन्या गावांच्या वेशीवर ‘झेडटीएल’ची (परवानगीशिवाय वाहनं नेता येत नाहीत अशा भागाची) पाटी दिसली की गाडी बाहेरच लावा. परवानगीशिवाय आत गेलात तर कॅमेरा टिपतो आणि दंड नंतर घरी येतो.

गढ्यांच्या बाबतीत माझा कौल उलटा आहे. गेंटचा ग्रावेनस्टेन 1180 सालचा, फ्लँडर्सच्या काउंटाने बांधलेला, भर शहरात, भोवती पाणी. दीड-दोन तासांत बघून होतो. पण सह्याद्री तुडवलेल्या माणसाला चढण नसलेला किल्ला अपुरा वाटतो. (चढायचंच असेल तर ब्रूजचा घंटामनोरा आहे: 366 पायऱ्या, वर वर अरुंद होत जाणाऱ्या.) असिसीच्या डोक्यावरचा रोक्का माज्जोरे हा खरा डोंगरी किल्ला. आणि पेरुजाचा रोक्का पाओलिना तर मी विसरूच शकत नाही. तिसऱ्या पॉल पोपने 1540 नंतर बंडखोर शहराला धाक बसावा म्हणून विरोधकांची घरं पाडून, काही गाडून त्यावर किल्ला बांधला. पुढे लोकांनी तो किल्लाही पाडला. आज सरकत्या जिन्याने वर येताना त्या गाडलेल्या गल्ल्यांमधूनच जावं लागतं. डोक्यावर कमानी, दोन्हीकडे घरांच्या भिंती, आणि त्यातून कामाला निघालेली माणसं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिते आहे ते.

ईपर पहिल्या महायुद्धात जमीनदोस्त झालं आणि मूळ रूपात पुन्हा उभं राहिलं. तिथल्या मेनिन गेटवर, ज्यांचे देह कधी सापडले नाहीत अशा 54 हजारांहून अधिक सैनिकांची नावं कोरलेली आहेत, त्यांत हिंदुस्थानीही आहेत. रोज रात्री आठला वाहतूक थांबते आणि कमानीखाली बिगुल वाजतो. 1928 पासूनचा हा नेम, दुसऱ्या महायुद्धातला जर्मन अंमल सोडला तर चालू आहे. परतीच्या रेल्वेची धावपळ नको, ती एक रात्र ईपरलाच राहा. दुसऱ्या दिवशी टॅक्सी करून सीमेपलीकडे फ्रान्समध्ये नव्ह-शापेलला जा. चाळीसेक किलोमीटर असेल. 1927 साली उभारलेलं हे स्मारक खास हिंदुस्थानी सैनिकांचं आहे: गोल भिंत, अर्ध्या भागात दगडी जाळी, मध्ये पंधरा मीटरचा अशोकस्तंभासारखा खांब, पायाशी दोन वाघ आणि भिंतीवर 4,700 हून अधिक नावं. 28 ऑक्टोबर 1914 ला याच गावावरच्या हल्ल्यात खडकीच्या सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, दोन कंपन्यांची वाताहत झाली. पुणेकरांनी तरी हे ठिकाण चुकवू नये.

मराठा पलटणी मात्र त्या युद्धात मुख्यतः मेसोपोटेमियात होत्या. त्या युरोपात भेटतात त्या दुसऱ्या महायुद्धात, इटलीत. 10 जुलै 1944 ला मोंटोनेच्या परिसरात नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतले बाकी सगळे ठार किंवा जखमी झाले. ते एकटे मशिनगनवर धावून गेले, बॉम्ब टाकला, गोळीबार केला. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांवर घातली. मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण समाधी नाही, फक्त कॅसिनोच्या स्मारकावर नाव.

ते नाव शोधायला मला बराच वेळ लागला, कारण इंग्रज तेव्हा ‘मराठा’ शब्दात एच हा आरच्या आधी घालत आणि टी दोनदा लिहीत. तुम्ही राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या (सीडब्ल्यूजीसी) संकेतस्थळावरून फलकाचा क्रमांक लिहून न्या. नाव सापडलं तेव्हा मी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. माणगाव तालुक्यातलं पोर, आणि वर डोंगरावर मोंटे कॅसिनोच्या मठाचं ते पांढरं बांधकाम. मला रडू आलं.

जेवणाचं थोडक्यात: शाकाहाऱ्यांना इटली सोपी. बेल्जियममध्ये बटाट्याचे फ्राइज बऱ्याच ठिकाणी गोवंशाच्या चरबीत तळतात, विचारूनच घ्या. शेंगेन व्हिसा दोन्हीकडे तोच.

पहिल्यांदाच युरोप, ज्येष्ठ बरोबर, गाडी चालवायची नाही: फ्लँडर्स, मे किंवा सप्टेंबर, छत्रीसकट. पाय शाबूत आहेत, कुणी गाडी चालवणारं आहे आणि मनात मराठा पलटणीविषयी ओढ आहे, तर जुलै-ऑगस्टचा उन्हाळा टाळून इटलीच. मोंटोनेत सकाळी पोचा. 2023 पासून तिथे घाडग्यांच्या स्मरणार्थ छायाघड्याळ आहे, त्यामुळे ऊन असलेला दिवस निवडा.