आरमधली फंक्शन बनवणारी फंक्शनं: झकास, पण ‘फोर्स’ची ओळ गाळू नका

आर ही संख्याशास्त्राची प्रोग्रॅमिंग भाषा वापरणारे फंक्शनकडून फंक्शन बनवून घेण्याची ही सोय रोज वापरतात, नाव माहीत नसलं तरी. ईसीडीएफला आकडे दिले की उत्तर म्हणून चक्क एक फंक्शन हातात येतं (दिलेल्या किमतीपर्यंत किती प्रमाणात आकडे येतात ते सांगणारं). बिंदूंच्या मधल्या किमती काढून देणाऱ्या अ‍ॅप्रॉक्सफन आणि स्प्लाइनफनचंही तसंच. अशी फंक्शनं स्वतःही बनवता येतात. बनलेलं फंक्शन जिथे जन्मलं तिथली व्हेरिएबल्स सोबत घेऊन फिरतं, त्यालाच क्लोजर म्हणतात. आरचे जनक रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ही चाल स्कीम या भाषेवरून उचलली. आर जिच्यावर बेतली त्या एस भाषेत ती नव्हती. इथवर आरला पैकीच्या पैकी.

घोळ आर्ग्युमेंटपाशी होतो. आर आळशी आहे: आर्ग्युमेंटची किंमत गरज पडेपर्यंत काढतच नाही, नुसतं प्रॉमिस, म्हणजे ‘लागेल तेव्हा काढू’ असं वचन, धरून ठेवतो. समजा ‘घात’ हे फंक्शन एन घेतं आणि एक्सचा एनवा घात काढणारं फंक्शन परत देतं. फॉर लूपमध्ये आय 1 ते 3 फिरवून घात(आय) अशी तीन फंक्शनं लिस्टमध्ये भरली. लूप संपल्यावर तिघांना 2 दिलं तर 2, 4, 8 यायला हवं. येतं 8, 8, 8. कारण एनची किंमत पहिल्या वापराला ठरते आणि तोवर आय 3 झालेला असतो. आता लिस्ट त्याच लूपने नव्याने भरा आणि फक्त पहिलं फंक्शन चालवा, 8 येईल. मग आयमध्ये 10 भरा आणि दुसरं चालवा: 1024! पहिलं मात्र 8 वरच ठाम, कारण एकदा काढलेली किंमत बदलत नाही.

चूक शोधायला लूपच्या आतच प्रत्येक फंक्शन चालवून पाहिलं की उत्तरं बरोबर येतात. तपासणीची ओळ काढली की पुन्हा चुकतात. एरर नाही, वॉर्निंग नाही. फंक्शनं चालवण्याआधीच आय आरएमने (व्हेरिएबल पुसणाऱ्या फंक्शनने) पुसला असेल तर निदान ‘ऑब्जेक्ट सापडत नाही’ अशी बोंब तरी होते.

इलाज एका ओळीचा: ‘घात’च्या आत सगळ्यात वर फोर्स(एन). फोर्समध्ये जादू काही नाही, ते आर्ग्युमेंट जसंच्या तसं परत देतं. त्या निमित्ताने किंमत निघते, एवढंच. मात्र ‘घात’ न वापरता लूपमध्येच आय वापरणारं फंक्शन लिहिलं असेल तर फोर्सचा उपयोग नाही, कारण फॉर लूप स्वतःचं एन्व्हायर्नमेंट, म्हणजे व्हेरिएबल्स ठेवायची वेगळी जागा, बनवत नाही. तिथे अशी जागा बनवणाऱ्या लोकलच्या आत ‘जे’ या व्हेरिएबलमध्ये आय भरून घ्या आणि फंक्शनात ‘जे’ वापरा.

2015 च्या आर 3.2.0 आवृत्तीपासून एलअ‍ॅप्लाय (यादीतल्या प्रत्येक घटकावर फंक्शन चालवणारं) आणि त्याची भावंडं आर्ग्युमेंट आपणहून फोर्स करतात. उत्तम सुधारणा, पण तिच्यामुळे हा दोषच गेला असा समज होतो. फॉर लूप अजून तसाच आहे.

दुसरी तक्रार वजनाची. बनवताना आत 10 लाख आकड्यांचा न्यूमेरिक व्हेक्टर तयार झाला असेल तर जवळपास 8 एमबी फंक्शनला चिकटून राहतात. ऑब्जेक्ट-साइझ एन्व्हायर्नमेंट मोजत नाही, त्यामुळे आकडा फसवा दिसतो. सेव्हआरडीएस मात्र सगळं फाइलीत कोंबतं. फंक्शन परत देण्याआधी नको तो व्हेक्टर आरएमने काढा. ईसीडीएफपुढे हा उपाय चालत नाही, तिला ते आकडे लागतातच.

पाचपैकी चार तारे. कापलेला एक तारा त्या मुकाट चुकणाऱ्या 8, 8, 8 साठी.