टेप बॅकअप अर्ध्यावर पडतोय: जुना ड्राइव्ह दुरुस्त करायचा, एलटीओ घ्यायचा की हार्ड डिस्ककडे वळायचं?

लातूरची डाळ मिल, परभणीची जिनिंग किंवा एखाद्या तालुक्याची पतसंस्था. सर्व्हर विंडोज 2000 किंवा 2003 चा, पाच-दहा मशीन 100 एमबीपीएसच्या स्विचवर, आणि डीडीएस-4 किंवा डीएटी-72 (छोट्या कॅसेटचे जुने टेप प्रकार) ड्राइव्हवरचा रात्रीचा बॅकअप एक दिवस होतो, दोन दिवस पडतो. अशा वेळी समोर तीन वाटा असतात: आहे तोच ड्राइव्ह ठीक करणं, वापरलेला एलटीओ (मोठ्या क्षमतेचा, वेगवान टेप प्रकार) ड्राइव्ह घेणं, किंवा टेप सोडून हार्ड डिस्कवर जाणं. पण दोष नेमका कुठं आहे हे कळेपर्यंत एक रुपयाही खर्च करू नका. दोष ड्राइव्हपर्यंतच्या केबलीत, कार्डात किंवा नेटवर्कमध्ये असेल, तर नवा ड्राइव्हही तसाच पडेल.

आधी दोष शोधा

क्लीनिंग टेप एकदा चालवा, मग कोरी टेप घाला आणि सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवरचा दोन-तीन जीबी डेटा व्हेरिफाय (लिहिलेलं परत वाचून ताडणं) चालू ठेवून लिहा. हे नीट झालं आणि रात्रीचा बॅकअप मात्र पडत असेल, तर ड्राइव्ह निर्दोष आहे, दोष नेटवर्कचा किंवा उघड्या, म्हणजे कुठल्यातरी प्रोग्रॅमच्या वापरात असलेल्या, फाइलींचा. नेटवर्क कार्डवर कुणीतरी 100 फुल डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्हीकडे डेटा) पक्कं केलेलं असतं आणि स्विच ऑटोवर असतो. मग स्विच हाफ डुप्लेक्सवर (एका वेळी एकाच दिशेनं) जातो. दिवसा एंट्री करताना ते जाणवत नाही, पण सलग मोठा डेटा निघाला की वेग कोसळतो. दोन्ही टोकं ऑटोवर ठेवा. उघड्या फाइलींचं म्हणाल, तर विंडोज 2000 मध्ये शॅडो कॉपीची (उघड्या फाइलीचीही प्रत घेण्याची) सोय नाही, ती सर्व्हरला 2003 पासून आली. म्हणून डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रतीची फाइल) आधी डिस्कवर काढा आणि टेपवर तो डंप घ्या.

स्थानिक चाचणीही पडली, तर इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजमधली चुकांची नोंदवही) उघडा. टेप ड्राइव्हच्या नावानं 7 क्रमांकाची नोंद आली तर संशय टेपवर. 9 किंवा 11 आली तर आधी केबल, टर्मिनेटर (केबलच्या टोकाला सिग्नल परतू न देणारा तुकडा) आणि कंट्रोलर (ड्राइव्ह ज्या कार्डाला जोडलाय ते) बघा.

पर्याय पहिला: आहे तोच ड्राइव्ह

मशीन बंद करून स्कझी केबल (ड्राइव्ह सर्व्हरला जोडणारी जुन्या पद्धतीची रुंद केबल) काढून पुन्हा बसवा, वाकलेली पिन बघा. टर्मिनेशन साखळीच्या दोन्ही टोकांनाच हवं, मध्ये कुठंही नको. एलव्हीडी या नव्या, लांब केबल चालणाऱ्या स्कझी बसवर (एकाच केबलवरच्या उपकरणांच्या साखळीवर) एक जरी जुन्या सिंगल-एंडेड पद्धतीचं उपकरण जोडलेलं असेल, तरी सगळी बस सिंगल-एंडेड होते. मग 12 मीटरची मुभा उरत नाही, दीड-तीन मीटरच्या पुढची केबल चुका देऊ लागते. टेप ड्राइव्ह रेड कंट्रोलरच्या (अनेक हार्ड डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाच्या) चॅनलवर असेल तर काढा आणि त्याला स्वतंत्र स्कझी कार्ड द्या. बस रिसेटच्या (जोडणी मध्येच तुटून नव्यानं सुरू होण्याच्या) कितीतरी तक्रारी तेवढ्यानं थांबतात.

मग उन्हाळा आणि धूळ. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 42 च्या आसपास असतो. संध्याकाळी ऑफिस बंद करताना एसीही बंद होतो आणि बॅकअप लागतो रात्री अकराला, तापलेल्या बंद खोलीत. बहुतेक ड्राइव्हची मर्यादा 35 ते 40 अंश असते आणि कॅबिनेटच्या आतली हवा खोलीपेक्षा गरम. बॅकअप पहाटे चारला लावा. जिनिंगमध्ये कापसाची तूस थेट हेडपर्यंत जाते. तिथं सर्व्हरची खोली वेगळी आणि दार बंद हवंच. डीडीएसला साधारण 25 तासांच्या वापरानंतर क्लीनिंग टेप द्या. ती सुमारे 50 वेळाच चालते, संपल्यावर रिवाइंड करून पुन्हा वापरू नका. कापूस-स्पिरिटनं हेड पुसणं तर नकोच. डीडीएसचं हेड ड्रमवर फिरतं, एक धागा अडकला तरी ते निकामी होतं.

कोऱ्या टेपनं आणि क्लीनिंगनंतरही ड्राइव्हवरचा इशाऱ्याचा दिवा परत लागत असेल, तर हेड झिजलंय. त्यावर पैसे घालू नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे. या जातीचे ड्राइव्ह आता बनत नाहीत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळेल तो वापरलेलाच, त्याचं हेडही तितकंच जुनं.

या पर्यायाची एक बाजू मात्र मजबूत आहे. डीएटी-72 सेकंदाला 3 एमबी लिहितो आणि 100 एमबीपीएसचं (मेगाबिटचं) नेटवर्क सेकंदाला 10-11 एमबी (मेगाबाइट) सहज देतं, म्हणजे टेप उपाशी राहत नाही. 30 जीबी पावणेतीन तासांत होतात.

पर्याय दुसरा: वापरलेला एलटीओ

टेप टिकाऊ, क्षमता भरपूर: एलटीओ-4 ला 800 जीबी, एलटीओ-5 ला दीड टीबी. अडचण वेगाची. एलटीओ-4 चा पूर्ण वेग सेकंदाला 120 एमबी. डेटा हळू आला तर ड्राइव्ह वेग उतरवून घेतो, पण साधारण 30-40 एमबीच्या खाली नाही. 100 एमबीपीएसच्या नेटवर्कवरून थेट लिहायला लावलं, तर टेप थांबते, मागे जाते, पुन्हा पुढे येते, रात्रभर हेच. त्यात टेपही झिजते, हेडही. म्हणून एलटीओ घ्यायचा तर मध्ये एक मशीन लागतं: रात्री सगळा डेटा त्याच्या डिस्कवर, तिथून टेपवर. एलटीओ-5 ला सहसा एसएएस कार्ड (स्कझीच्या नव्या पिढीचं) लागतं, तेही या नव्या मशीनमध्येच बसवा. घेताना समोर टेप लिहून दुसऱ्या ड्राइव्हवर वाचून बघा. तुमच्या जुन्या डीडीएस टेपा मात्र एलटीओत जातच नाहीत.

पर्याय तिसरा: हार्ड डिस्क

डेटा दोन-तीनशे जीबीच्या आत असेल तर हाच सोपा. अडतं ते जुन्या सर्व्हरपाशी. यूएसबी 1.1 असेल तर सेकंदाला जेमतेम 1 एमबी, म्हणजे 30 जीबीला आठ तासांच्या वर, यूएसबी 2.0 चं पीसीआय कार्ड टाका. डिस्क एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा, कारण फॅट32 वर 4 जीबीपेक्षा मोठी बॅकअप फाइल बसत नाही. 2 टीबीपेक्षा मोठी डिस्क विंडोज 2000 ला झेपत नाही, लहानच घ्या. नॅस (नेटवर्कला जोडायची डिस्कची पेटी) घेतलात तर विंडोज 2003 ला एसएमबी1 (फाइल शेअर करण्याची जुनी पद्धत) लागतं. ते चालू केलं की 2017 च्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरनं (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमनं) वापरलेली तीच वाट उघडी राहते, म्हणून हे नेटवर्क इंटरनेटपासून तोडा. डिस्का किमान दोन ठेवा, एक जोडलेली, एक दुसऱ्या इमारतीत. दोन्ही कायम जोडलेल्या असतील तर वीज पडली किंवा रॅन्समवेअर आलं की दोन्ही एकदम जातात.

कुणी काय घ्यावं

पतसंस्था, दुकान, छोटी मिल: हार्ड डिस्क. हिशेब वर्षानुवर्षं जपायचेत आणि डेटा टीबीत गेलाय असा साखर कारखाना: एलटीओ, पण मधल्या मशीनसह. केबल-टर्मिनेटरवर दोष निघालेलं कुणीही: सध्या आहे तोच ड्राइव्ह.

तिन्हींपैकी काहीही ठरलं तरी जुना ड्राइव्ह भंगारात देऊ नका. डीडीएसचं हेड थोडं सरकलेलं असेल तर त्यानं लिहिलेल्या टेपा फक्त त्यालाच वाचता येतात. तो चालतोय तोवर महत्त्वाच्या टेपा डिस्कवर उतरवून घ्या, सगळ्यात जुनी आधी. गार कपाटातली टेप लगेच घालू नका, त्याच खोलीत 24 तास ठेवा. वाचताना मध्येच अडली तर पुन्हा पुन्हा रेटण्याऐवजी बाहेर काढा, ड्राइव्हला क्लीनिंग द्या आणि दुसऱ्या दिवशी एकदाच बघा. एनटीबॅकअपच्या (विंडोज 2000/2003 मधल्या बॅकअप प्रोग्रॅमच्या) फाइली उतरवताना रिस्टोअरही त्याच जुन्या सर्व्हरवर करून घ्या, कारण 2008 पासूनच्या विंडोज सर्व्हरच्या बॅकअप प्रोग्रॅमला टेप चालत नाही.