स्टारगिरीची खिल्ली: थरूर घ्यायचा की वुडहाऊस?

सेलिब्रिटींची टर उडवणारी विनोदी कादंबरी हवीये पण घ्यायची एकच, असं असेल तर माझ्या मते निवड दोघांत आहे, शशी थरूरांची ‘शो बिझनेस’ (१९९२) आणि इंग्लिश विनोदी लेखक पी. जी. वुडहाऊसची ‘लाफिंग गॅस’ (१९३६). दोन्ही इंग्रजीत, दोन्हीत सिनेमावालेच, पण जातकुळी पार वेगळी.

‘लाफिंग गॅस’चा मामला सोपा. एक इंग्लिश उमराव हॉलिवूडमधे दाढ काढायला जातो, शेजारच्या खोलीत बालस्टार जोई कूली, दोघांना एकाच वेळी भुलीचा गॅस दिला जातो आणि दोघांचे आत्मे एकमेकांच्या देहात! मग साहेबांना कळतं की अख्ख्या अमेरिकेतल्या आयांचा लाडका असणं म्हणजे ताटात नुसते प्रून्स (सुकवलेले आलुबुखार), सतत पहारा आणि सोनेरी कुरळे केस सांभाळणं. वुडहाऊस स्वतः १९३०-३१ मधे हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओत आठवड्याला २००० डॉलरवर होता आणि नंतर पेपरवाल्यांना सांगून बसला की काम जवळजवळ काहीच नव्हतं, म्हणजे माल घरचाच. (१९३६ म्हणजे आपल्या प्रभातचा ‘संत तुकाराम’ आला ते साल, तिकडे हे चाललेलं.) पण चावत मात्र नाही हो, गुदगुल्या करून सोडून देतो.

थरूर चावतात. सुपरस्टार अशोक बंजारा, बाप राजकारणी, शूटिंगला अपघात होऊन हॉस्पिटलात पडलाय, बोलता येत नाही आणि बायको, बाप, भाऊ, व्हिलन एकेक जण येऊन त्याला मनातलं सुनावून जातात. लग्नानंतर सिनेमा सोडलेल्या बायकोचा भाग सगळ्यात जबरी. अधेमधे त्याच्या पिक्चरच्या अख्ख्या स्टोऱ्या, गाण्यांसकट, त्या मात्र लांबतात, मी काही उड्या मारत वाचल्या. हा खासदार पण झालेला असतो, त्यामुळे अमिताभचा १९८२ चा ‘कुली’चा अपघात आणि १९८४ ची अलाहाबादची निवडणूक आठवतेच, पण म्हणून चरित्र समजून वाचू नका.

माझं मत विचाराल तर थरूर. पुण्यात चौकाचौकात दादा-भाऊंचे फ्लेक्स आणि दहीहंडीला कुठली हिरॉईन येणार याची चर्चा बघणाऱ्याला ते जास्त लागतं. आणि थरूर म्हणजे अवघड इंग्रजी शब्द, असं समजून डिक्शनरी शोधू नका, भाषा बरीच बोलकी आहे, उलट वुडहाऊसच्या इंग्रजीतल्या कोलांट्याच नवख्याला जड जातील. फक्त शाळकरी भाच्याला द्यायचं असेल तर बिनधास्त वुडहाऊस, थरूरांच्यात लफडी फार आहेत.