ऑपेरा हाऊसला गाडीत रिमोट स्टार्टर बसवला, काम बरंय पण...

मे महिन्यात उन्हात उभी गाडी म्हणजे तवा, म्हणून मुंबईत ऑपेरा हाऊसच्या अॅक्सेसरीज मार्केटमधल्या एका दुकानात रिमोट स्टार्टर, म्हणजे बसायच्या आधी लांबूनच बटण दाबून इंजिन आणि एसी चालू करायची सिस्टीम, बसवून घेतला. वायरिंग मस्त केलंय, ओरिजिनल वायर न कापता कपलर टू कपलर (प्लगला प्लग) जोडलंय, वॉरंटीवाल्यांनी हेच आधी विचारा बरं का.

पण दुसऱ्याच दिवशी नाटक सुरू, बटण दाबलं की इंजिन चालू होतं आणि दोन-तीन सेकंदात बंद. दुकानातला पोरगा म्हणाला बॅटरी वीक आहे, नवीन टाका साहेब. अरे, इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर दणक्यात फिरतेय, मग बॅटरी कशी वीक असेल? मी म्हटलं किल्ली हातात धरून स्टार्ट करून बघ, तर गाडी एकदम शहाण्यासारखी चालत राहिली, म्हणजे इमोबिलायझरला (ओळखीची किल्ली नसेल तर इंजिन बंद पाडणारी चोरीविरोधी सिस्टीम) किल्लीची चिप दिसत नव्हती. रिमोटने स्टार्ट करताना किल्ली आहे असं इमोबिलायझरला भासवणारं बायपास मॉड्यूल त्यांनी परत प्रोग्रॅम केलं, पैसे घेतले नाहीत, तेवढं मानलं.

नंतर पावसात अजिबातच स्टार्ट होईना, तर बॉनेट उघडं की बंद हे सांगणारा बॉनेटखालचा पिन स्विच गंजलेला, सिस्टीमला वाटतंय बॉनेट उघडंच आहे, मग ती सेफ्टीसाठी स्टार्ट करत नाही. मुंबईत हे होणारच, ग्रीस लावून घ्या.

माझी ऑटोमॅटिक आहे. मॅन्युअलवाल्यांनो, गाडी न्यूट्रलला आहे हे सिस्टीमला कळायची सोय नसेल तर बसवूच नका, गिअरमध्ये राहिली तर पुढच्याच्या डिकीत घुसेल. आणि बंद गॅरेजमध्ये चालू ठेवू नका, धूर जीवघेणा असतो. पाचपैकी साडेतीन.