पिवळा ‘डीटी-८३०डी’ मल्टिमीटर: बॅटरीसाठी उत्तम, मोटारीसाठी जपून

काही शे रुपयांत मिळणारा ‘डीटी-८३०डी’ हा पिवळा मल्टिमीटर (व्होल्टेज, करंट वगैरे मोजणारे हातातले यंत्र) आता औसा-निलंगा भागातील शेतकऱ्यांच्या घरांतही दिसतो. तो नियमित वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की डीसी, म्हणजे बॅटरीच्या, व्होल्टेजसाठी तो किमतीच्या मानाने फार सरस आहे. पंपाच्या मोटारीचा वीजपुरवठा तपासताना मात्र त्याचा आकडा समजून घेऊनच वापरावा.

ट्रॅक्टरच्या बॅटरीसाठी नॉब २० व्होल्ट डीसीवर ठेवावा. या रेंजची अचूकता ‘रीडिंगच्या ०.५ टक्के अधिक २ अंक’ अशी दिलेली असते. इथे अंक म्हणजे डिस्प्लेवरच्या शेवटच्या स्थानाचे एकक, या रेंजवर ०.०१ व्होल्ट; म्हणजे १२.६० व्होल्टला चूक फार तर ०.०८ व्होल्टची. भरलेली बॅटरी साधारण १२.६ आणि निम्मी उतरलेली १२.२ व्होल्ट दाखवते. हा फरक मीटर सहज पकडतो.

एसीचे, म्हणजे घरातल्या आणि मोटारीच्या विजेचे, गणित वेगळे आहे. घरातील २३० व्होल्ट मोजायला ७५० ची रेंज (काही नगांवर ६०० ची) घ्यावी लागते. तिथे शेवटचा अंक १ व्होल्टचा असतो आणि अचूकता १.२ टक्के अधिक १० अंक. टक्क्यांचे पावणेतीन आणि अंकांचे १० मिळून जवळपास १३ व्होल्टची चूक उत्पादकानेच मान्य केलेली असते, त्यामुळे खरे व्होल्टेज २१७ असो वा २४३, डिस्प्लेवर २३० दिसले तरी मीटर सदोष ठरत नाही. थ्री फेजच्या ४०० व्होल्टला हीच चूक १५ व्होल्टपर्यंत जाते. रब्बीत सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू असतात तेव्हा लाइनच्या टोकावरच्या शेतकऱ्याला मोटार चालवावी की थांबवावी हे ठरवायचे असते, आणि त्यासाठी १५ व्होल्ट थोडे नव्हेत. तरीही तिन्ही फेजच्या जोड्या याच मीटरने, एकाच रेंजवर लागोपाठ मोजल्या, तर प्रत्येक वेळची चूक बरीचशी सारखी राहते. म्हणून फेजमधील मोठी तफावत याच्यावर नीट कळते, आणि मोटार जळण्याचे ते एक मुख्य कारण आहे. हे मोजमाप मोटार बंद ठेवूनही घ्यावे, कारण चालू मोटार गेलेल्या फेजवर स्वतःच व्होल्टेज निर्माण करते आणि पुरवठा ठीक असल्याचा भास होतो.

सौर पंपाच्या ड्राइव्हचे (पॅनेलची डीसी वीज मोटारीसाठी एसी करणाऱ्या यंत्राचे) आउटपुट याने मोजू नये. हा मीटर सरासरीवरून आरएमएस (एसी व्होल्टेजचे परिणामी मूल्य) काढतो आणि ते शुद्ध साइन लहरीलाच लागू पडते; ड्राइव्हची लहर तशी नसते.

सुरक्षिततेत तो सर्वांत कमी पडतो. १० अँपिअरच्या सॉकेटला बहुधा फ्यूज नसतो. लाल वायर तिथेच राहून प्रोब सप्लायवर टेकले, तर थेट शॉर्टसर्किट होते. स्टार्टरच्या पेटीसाठी नामांकित कंपनीचा, कॅट-३ ६०० व्होल्ट दर्जाचा (पक्क्या वीजजोडणीवर मोजण्यासाठीचा सुरक्षा दर्जा), ६००० काउंटचा, म्हणजे २३० व्होल्ट ०.१ व्होल्टपर्यंत दाखवणारा मीटर घ्यावा. त्याची अचूकता १ टक्का अधिक ३ अंक असेल, तर २३० व्होल्टला चूक २.६ व्होल्टवर येते. डीपीजवळ (ट्रान्सफॉर्मरजवळ) मात्र कोणताही मीटर घेऊन जाऊ नये, ते काम लाइनमनचे आहे.

८३०डी आपोआप बंद होत नाही, त्यामुळे ९ व्होल्टची बॅटरी लवकर उतरते. डिस्प्लेवर बॅटरीचे चिन्ह आले की रीडिंग भलतेच येऊ लागते; आधी ती बदलावी, मगच मोजावे.