साडेपाचच्या आधीचं दूध : कंटेनरमध्ये गेल्यावरचे सात महिने

डॉकर म्हणजे काय, इमेज कशी बनते, हे समजावत बसत नाही. ते तुम्हाला ठाऊक असेल. नसेल तर एवढंच धरा : कंटेनर म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणाऱ्या फाइली एकत्र बांधलेली पेटी, इमेज म्हणजे तिचा साचा, आणि डॉकर हे ती बनवायचं-चालवायचं साधन. ज्यांना ऑफिसातल्या मशीनवरचं जुनं सॉफ्टवेअर उचलून क्लाउडवर कंटेनरमध्ये घालायचं आहे आणि महिन्याच्या बिलाचा हिशेब कुणाला तरी द्यायचा आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं बहुतेक म्हणणं एकाच आकड्याभोवती आहे : साडेपाच.

मी गोव्यात फोंड्याला बसतो. सत्तरी तालुक्यातल्या एका दूध संस्थेचं संकलनाचं सॉफ्टवेअर अकरा वर्षं माझ्याकडे आहे. पीएचपी भाषेत लिहिलेलं, डेटाबेस मायएसक्यूएल, नऊ केंद्रं, सकाळ-संध्याकाळ दोन सत्रं, दर दहा दिवसांनी बिल. सर्व्हर वाळपईच्या ऑफिसात टेबलाखाली होता. 2025 च्या मे महिन्यात वीज पडली, यूपीएस आणि पॉवर सप्लाय दोन्ही गेले, आणि चार दिवस नऊही केंद्रांवर वहीत नोंदी झाल्या. त्यानंतर संस्थेनेच सांगितलं, आता मशीन नको. 1 जुलैला सगळं क्लाउडच्या मुंबईतल्या डेटा सेंटरवर गेलं. पीएचपीचा एक कंटेनर, क्रॉनचा (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारा) एक, डेटाबेस क्लाउड कंपनीच्याच देखरेखीतला.

पहिले दहा दिवस मी खूश होतो. पानं आधीपेक्षा लवकर उघडत होती, केंद्रचालकांची तक्रार नव्हती.

11 जुलैला बिलं निघाली आणि दुपारी सचिवांचा फोन आला, ‘‘लगेच या.’’ ऑफिसात एक मामी बसल्या होत्या. पावणेसहाची बस पकडून कामाला जातात, म्हणून पहाटे पाच-दहाला दूध घालतात. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी दहा दिवसांच्या पावत्या काढल्या आणि टेबलावर तारखेप्रमाणे ओळीने मांडल्या. ‘‘बाबा, दूध मी ओतलं, पावती तुमच्या मशीनने दिली. मग बिलात संध्याकाळचं दूध का नाही?’’

पावती आणि रजिस्टर शेजारी ठेवून पाहिलं. पावतीवर 4 जुलै, सकाळ, 5:12, 3.8 लिटर. रजिस्टरमध्ये हेच 3.8 लिटर 3 जुलैच्या संध्याकाळच्या नावावर. आणि 3 तारखेच्या संध्याकाळी त्यांनी खरंच घातलेलं 3.2 लिटर कुठेच नाही.

कारण असं. पावतीवरची वेळ केंद्रावरच्या कॉम्प्युटरची, म्हणून बरोबर. नोंदीची तारीख आणि सत्र मात्र सर्व्हर ठरवतो, आणि कंटेनरमधलं पीएचपी यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालत होतं. भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. पहाटेचे 5:12 म्हणजे तिथे आदल्या रात्रीचे 11:42. बाराच्या आत सकाळ, बारानंतर संध्याकाळ, हा माझा साधा नियम. त्याने आदल्या दिवशीची संध्याकाळ ठरवली. त्याच सभासदाची त्याच सत्राची दुसरी नोंद आली की ती दुरुस्ती समजून पहिली पुसायची, हाही माझाच नियम, कारण चालक चुकलेला आकडा तसाच परत टाकून सुधारतात. दोन नियम एकत्र आले आणि दूध पुसलं गेलं.

आता साडेपाचचा दुसरा काटा पाहा. यूटीसीचे दुपारचे बारा म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच. म्हणजे संध्याकाळी पाच ते साडेपाचमध्ये आलेलं दूध ‘सकाळ’ म्हणून त्याच दिवशीच्या सकाळच्या नोंदीवर बसलं. साडेपाचनंतर येणाऱ्या कुणालाही दोन्ही वेळा काहीच जाणवलं नाही. आम्ही चाचणी घेतली ती सकाळी अकराला आणि संध्याकाळी सहाला. दोन्ही वेळा उत्तर बरोबर येतं.

दहा दिवसांत 214 नोंदी बिघडल्या. पैसे वाचवायला मी बॅकअप सातच दिवसांचा ठेवला होता, त्यामुळे शेवटच्या सात रात्रींच्या प्रती उघडून पहाटे पुसली गेलेली संध्याकाळची दुधं मिळाली. उरलेल्यांसाठी घरोघर पावत्या मागाव्या लागल्या. थर्मल कागद तो. चुलीजवळच्या फळीवर ठेवलेल्या पावत्या काळ्या पडल्या होत्या, खिडकीतल्या फिक्या. मोबाइलवर फोटो काढून, उजेड वाढवून आकडे वाचले. सगळ्यांचे पैसे दिले गेले, पण हे काम आमच्याकडून व्हायला नको होतं. कष्टाचं दूध आहे.

दुरुस्ती एका ओळीची असेल असं मला वाटलं होतं. ती चार ठिकाणी करावी लागली. पीएचपीच्या अधिकृत इमेजमध्ये तयार आयएनआय फाइल (सेटिंगची फाइल) नसतेच, फक्त दोन नमुने असतात. नमुना उचलून आपणच त्यात टाइमझोन लिहायचा. कंटेनरला टीझेड हे टाइमझोन सांगणारं व्हेरिएबल देऊन भागत नाही, पीएचपी त्याच्याकडे बघत नाही. मग मायएसक्यूएल : ‘आत्ताची वेळ’ देणारं त्याचं ‘नाऊ’ वेगळ्या सेटिंगवर चालतं, तिथे +05:30 दिलं. मग क्रॉनचा कंटेनर : तो अल्पाइन या आटोपशीर लिनक्सवर होता, आणि अल्पाइनमध्ये टीझेडडेटा हे टाइमझोनच्या नावांचं पॅकेज मुळात नसतं. टीझेडमध्ये एशिया/कोलकाता लिहा, कसलीही चूक न दाखवता तो यूटीसीच धरून बसतो. हे मला सगळ्यात जास्त खुपलं. नाव सापडलं नाही तर निदान ओरडावं! आणि चौथं म्हणजे जुना डेटा. टाइमस्टॅम्प प्रकारच्या (दाखवताना टाइमझोनप्रमाणे बदलणाऱ्या) रकान्यांतल्या वेळा सेटिंग बदलल्यावर आपोआप बरोबर दिसू लागल्या, डेटटाइमच्या (लिहिलं तसंच ठेवणाऱ्या) रकान्यांतल्या चुकीच्या तशाच राहिल्या. त्या हाताने साडेपाच तास पुढे सरकवल्या.

होस्टची, म्हणजे कंटेनर ज्यावर चालतात त्या मशीनची, वेळ लावून बघा, असं मला दोघांनी सांगितलं. उपयोग नाही. सेकंद मोजणारं घड्याळ त्या मशीनच्या कर्नलचं (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं), ते सगळ्या कंटेनरना एकच आणि बरोबरच असतं. त्या सेकंदांना कुठल्या गावची वेळ म्हणायचं, हे प्रत्येक कंटेनर आपल्या आतल्या फाइलींवरून ठरवतो.

इथपर्यंतचं मी जुलैअखेरीस लिहून ठेवलं होतं, आणि तेव्हा शेवट ‘लहान संस्थांनी या वाटेला जाऊ नये’ असा होता. ते वाक्य आता काढलं आहे.

एक कारण चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. 27 ऑगस्टला चवथ, त्याआधी सभासदांना दरफरकाची रक्कम द्यायची होती. 24 तारखेला रात्री मी नवी आवृत्ती चढवली आणि सकाळी लक्षात आलं की म्हशीच्या दुधाला गायीचा दर लागतोय. जुन्या मशीनवर अशा वेळी मी फाइली एकेक परत ठेवत बसलो असतो. इथे आधीच्या इमेजचा टॅग (आवृत्तीचं नाव) दिला, दोन मिनिटांत कालचं सॉफ्टवेअर जसंच्या तसं उभं राहिलं. नऊ केंद्रांपैकी एकालाही कळलं नाही. दुरुस्त आवृत्ती दुपारी गेली, पैसे चवथीआधी पोचले. त्या पावसाळ्यात वाळपईची वीज किती वेळा गेली याची मोजदाद नाही. केंद्रं इन्व्हर्टर आणि मोबाइल डेटावर चालली, संकलन एकदाही थांबलं नाही.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. जुन्या मशीनवर तो टाइमझोन कुणी लिहिला होता हे मी शोधलं. अकरा वर्षांपूर्वी मीच हाताने लिहिला होता आणि कुठेही नोंद केली नव्हती. ते मशीन विजेऐवजी चोरीला गेलं असतं आणि मी नवं उभारलं असतं, तरी हाच घोळ झाला असता. आता ती ओळ डॉकरफाइलमध्ये, म्हणजे इमेज बनवायची कृती लिहिलेल्या फाइलमध्ये, आहे, शेजारी मराठीत टीप आहे. उद्या हे काम दुसऱ्या कुणाकडे गेलं तर त्याला ती दिसेल.

सभासदांचे फोटो कंटेनरच्या आतच साठत होते, दुसऱ्यांदा नवी आवृत्ती चढवली तेव्हा पुसले गेले. ते आता बाहेर ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये (क्लाउडवरच्या फाइलींच्या कोठारात) आहेत.

खर्चाचं सांगतो. अंदाज होता साडेचार हजार, पहिलं बिल आलं 9,140, वर 18 टक्के जीएसटी. त्यात सुमारे साडेतीन हजार एकट्या नॅट गेटवेचे. खासगी नेटवर्कमधल्या कंटेनरला बाहेर जायला दार हवं म्हणून तयार नमुन्यात तो आपोआप उभा राहिला होता आणि ताशी भाडं खात होता. आम्हाला बाहेर जायचं ते एसएमएसपुरतं. कंटेनर सार्वजनिक सबनेटमध्ये (नेटवर्कच्या इंटरनेटला थेट जोडलेल्या भागात) हलवला, आत येणारी वाट फक्त लोड बॅलन्सरसाठी (बाहेरच्या विनंत्या घेऊन कंटेनरकडे देणाऱ्यासाठी) उघडी ठेवली, गेटवे काढला. कुबरनेटीसचा (पुष्कळ कंटेनर एकत्र सांभाळणाऱ्या यंत्रणेचा) सल्लाही मिळाला होता. मी विचारलं त्या क्लाउडवर क्लस्टरच्या नुसत्या देखरेखीचे ताशी 10 सेंट, म्हणजे महिन्याला 73 डॉलर. दोन कंटेनरसाठी ते नको. आता बिल 5,900 च्या आसपास येतं. बॅकअप मात्र 35 दिवसांचा केला आणि त्याच्या पैशांबद्दल संस्थेत कुणी तोंड उघडलं नाही.

सध्या कंटेनर सुरू होताना आधी तीन ठिकाणची घड्याळाची वेळ तपासतो : पीएचपीची, डेटाबेसची आणि क्रॉनची. तिन्ही वेळा एकमेकींशी जुळल्या नाहीत तर तो उभाच राहत नाही आणि मला मेसेज येतो. चाचणीच्या वेळाही बदलल्या आहेत : पहाटे 5:10 आणि 5:40, संध्याकाळी 5:10 आणि 5:40. नवी आवृत्ती गेली की त्या रात्री मी पाचचा गजर लावतो, आणि यादीत पहिली नोंद बहुतेक वेळा मामींचीच येते.